क्षारताण आणि मुळांचा रेणवीय प्रतिसाद

मुळाभोवतीच्या पाण्यात विद्राव्य क्षार, विशेषतः सोडियम क्लोराइड, वाढल्यावर मुळाच्या पेशींत जे संदेश फिरतात, आयनांची जी ने-आण होते आणि वाढीची दिशा जशी बदलते, त्या सर्वांना मिळून क्षारताणाला मुळांचा रेणवीय प्रतिसाद म्हणतात.

खानदेशात तापी-गिरणेच्या खोऱ्यांतील खोल काळ्या जमिनींचा निचरा मंद असतो. पाणी वाजवीपेक्षा जास्त दिले की खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात, आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेल्यावर मातीवर पांढरा थर उरतो. हीच खारवट जमीन. चोपण जमीन निराळी: तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच धरून बसलेला असतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने हा भेद ध्यानात ठेवायलाच हवा.

क्षारांमुळे मुळाला आधी पाणी ओढणे जड जाते. खरे नुकसान त्यानंतरचे. पोटॅशियमशी साधर्म्य असलेला सोडियम पेशीत शिरतो आणि पोटॅशियमवर चालणाऱ्या विकरांचे (पेशीतील क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) काम बिघडवतो. केळीला पोटॅश भरपूर लागते आणि ती क्षारांना नाजूक आहे. कपाशी मात्र संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, मीटरला सुमारे 7.7 डेसीसायमन होईपर्यंत उत्पादनात फारशी घट दाखवत नाही.

सोडियम आल्याची पहिली वर्दी कॅल्शियम देतो. पेशीपटलातील विशिष्ट स्फिंगोमेदांना (एका प्रकारच्या स्निग्ध रेणूंना) सोडियम चिकटताच कॅल्शियमची वाट उघडते, हे 2019 मध्ये अरेबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीत दिसले. वाढलेला कॅल्शियम एसओएस-3 हे प्रथिन (एसओएस म्हणजे ‘सॉल्ट ओव्हरली सेन्सिटिव्ह’, क्षारांना अतिसंवेदनशील) टिपते, ते एसओएस-2 या विकराला जागे करते, आणि एसओएस-2 पटलावरील एसओएस-1 या वाहकाला फॉस्फेट जोडते. मग एसओएस-1 हायड्रोजन आयन आत घेऊन सोडियम बाहेर टाकते. त्यासाठी हायड्रोजनचे पंप ऊर्जा खर्चून सतत चालवावे लागतात, आणि या खर्चाची किंमत वाढीला मोजावी लागते.

ही एसओएस प्रथिने घडवणाऱ्या जनुकांचा शोध मोठा देखणा आहे. अरेबिडॉप्सिसची रोपे खाऱ्या माध्यमावर उलटी ठेवली. ज्यांची मुळे खाली वळून वाढली नाहीत, ती दोषी म्हणून वेचली. 1996 मध्ये वर्णिलेले पहिले उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) रोप पोटॅशियम कमी असतानाही तग धरत नव्हते.

बाहेर टाकता न आलेला सोडियम एनएचएक्स नावाचे वाहक रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पिशवीत) कोंडतात. एचकेटी-1 हा दुसरा वाहक प्रकाष्ठातला (मुळाकडून वर पाणी नेणाऱ्या नळ्यांतला) सोडियम परत ओढून घेतो, त्यामुळे पानांपर्यंत तो कमी पोचतो. अंतस्त्वचेत (मुळाच्या आतल्या एका थरात) अ‍ॅब्सिसिक अम्ल या ताणाच्या संप्रेरकाचा संदेश उपमुळांची वाढ काही काळ थोपवतो. टोकाजवळ क्षाराच्या बाजूची, ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक वाहणारी पिन-2 वाहके पटलावरून आत घेतली जातात, ऑक्सिनची वाटणी बदलते आणि मूळ क्षारापासून दूर वळते.

ठिबकच्या केळीबागेत क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साचतात. हलक्या पावसात ते विरघळून मुळांकडे सरकतात, म्हणून अशा सरींच्या वेळीही ठिबक चालू ठेवावे लागते.