हॉर्न वाजतो, मग सेल्फ का लागत नाही?

दुचाकीच्या सेल्फचं बटण दाबलं की रिलेचा (सेल्फच्या मोटरकडे मोठा प्रवाह सोडणाऱ्या स्विचचा) 'कट' असा आवाज येतो, पण इंजिन ढिम्म हलत नाही. हॉर्न वाजतो, इंडिकेटरही लागतात. गॅरेजमध्ये निदान ठरलेलं: बॅटरी गेली, नवी टाका. कित्येकदा बॅटरी धडधाकट असते आणि दोष असतो वायरीच्या गंजलेल्या जोडात. नवी बॅटरी बसवताना वायरीची टोकं घासून, आवळून लावली जातात, गाडी सुरू होते आणि श्रेय बॅटरीला जातं. ग्राहकाचे पैसे मात्र उगाच जातात.

ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. प्रवाहाला रोधाने (वाटेतल्या अडथळ्याने) गुणलं की त्या जागी किती व्होल्ट खर्ची पडतात ते कळतं. समजा, गंजामुळे जोडात ०.०५ ओहम रोध आला. दहा वॉटच्या बल्बला जेमतेम ०.८ अँपिअर लागतात, ०.०४ व्होल्टची घट डोळ्यांना जाणवतही नाही. सेल्फच्या मोटरसाठी त्याच जोडातून ६० अँपिअर वाहिले, तर ३ व्होल्ट तिथेच संपतात आणि १८० वॉट उष्णता तयार होते. म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर जो जोड हाताला गरम लागेल, त्यावर पहिला संशय घ्यावा.

बंद गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. आकडा सेल्फ मारतानाच बघायचा. तो १० च्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी खरोखरच कमजोर किंवा उतरलेली. अकरा-साडेअकराला टिकला, तर प्रवाहाची वाट तपासायची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० व्होल्टवर घ्या. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशावर टेकवा (बोल्टवर नको, नाहीतर नेमका खराब जोडच मोजणीतून सुटतो), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर ठीक. एकच्या वर गेले तर अर्थिंग (इंजिन-चेसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) खराब. शून्याजवळच राहिले, तर प्रवाहच वाहत नाही. मग रिलेच्या दोन जाड बोल्टांवर मोजा. बटण दाबूनही तिथे १२ व्होल्ट राहिले, तर रिलेचे आतले संपर्क जळालेत.

अर्थिंगचा बोल्ट चेसिसवर बसतो तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे दर पावसाळ्याआधी करावंच.

त्यानंतरही बॅटरी उतरत राहिली, तर इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन मोजा. साधारण १४ व्होल्ट यायला हवेत. साडेबारावरच अडकलं, तर चार्जिंग कॉइल (वीज तयार करणारी), रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा) आणि त्यांच्यामधला कप्लर (वायरी जोडणारा) तपासायचा.