योनिमुखाच्या दुखण्यावर विजेच्या मुंग्या

कापसाची काडी योनिमुखाला नुसती टेकवली तरी कापल्यासारखं दुखतं, पण तपासणीत ना जंतुसंसर्ग सापडतो ना जखम. असं दुखणं 3 महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. निदान होईपर्यंत अनेकींची बुरशीवरची मलमं लावून झालेली असतात.

यात नसा हळव्या होतात आणि साध्या स्पर्शाचीही मेंदूत वेदना म्हणून नोंद होते. टेन्स यंत्र त्वचेवरून सौम्य वीज सोडून स्पर्श वाहणारे जाड तंतू जागे करतं. हे तंतू मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, ही वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांची 1965 सालची कल्पना. इटलीत 40 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (2008) योनीत ठेवलेल्या प्रोबमधून (वीज सोडणाऱ्या कांडीतून) आठवड्यातून दोनदा, एकूण 20 वेळा प्रवाह दिला. नावापुरतं यंत्र लावलेल्यांपेक्षा खरा प्रवाह मिळालेल्यांचं दुखणं स्पष्टपणे उतरलं. चाचणी छोटीच, पण तुलना चोख.

प्रोब सहन होत नसेल तर घोट्याकडून जाता येतं. ऐकायला विचित्र वाटतं. पण पायाची टिबियल नस आणि योनिमुखाची प्युडेंडल नस मज्जारज्जूच्या त्याच त्रिकास्थी (कमरेखालच्या) भागातून निघतात. आतल्या घोट्याच्या हाडापासून वर तीन बोटं सोडून बारीक सुई टोचतात, तळपायाला पॅड लावतात आणि प्रवाह हळूहळू वाढवतात. अंगठा वाकला किंवा तळव्यात मुंग्या आल्या, की सुई जागेवर आहे. मूत्राशयाच्या तक्रारींसाठी ठरलेला क्रम 30 मिनिटांचा, आठवड्यातून एकदा, 12 वेळा. इथेही बहुधा तोच वापरतात. या दुखण्यासाठी त्याचा पुरावा मात्र टेन्सपेक्षा तोकडा.

घरी टेन्स वापरताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘जास्त वीज, जास्त गुण’. मुंग्या ठळक हव्यात, टोचायला नकोत. ओटीपोटाचे तळस्नायू आवळले जात असतील तर प्रवाह जास्त झालाय. ते आधीच ताठर असतात, त्यामुळे दुखणं वाढतं. पाचेक मिनिटांत मुंग्या पुसट होतात, तेव्हा किंचित वाढवावं. पॅड मध्येच चावायला लागलं तर जेल सुकलंय किंवा कडा उचलली गेलीय: उरलेल्या छोट्या जागेतून सगळा प्रवाह जातो. अशा वेळी यंत्र शून्यावर आणूनच पॅड हलवावं. प्रोबला पाण्यात विरघळणारं जेलच लावावं. सिलिकॉनचं जेल वीज अडवतं.

पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. आणि खरेदी करताना खोक्यावर नीट पाहावं: स्नायू आकुंचन पावावेत म्हणून बनवलेली यंत्रंही दिसायला अशीच असतात.