बोट टिकली, कंपनी बुडाली: जुन्या शिडाच्या बोटींवरच्या संसाराची पार्श्वभूमी

तीस ते चाळीस फुटांची, चाळीस-पन्नास वर्षं जुनी शिडाची बोट विकत घ्यायची, डागडुजी करायची आणि तिच्यातच बिऱ्हाड थाटायचं, हा प्रकार आता जगभरच्या बंदरांत दिसतो. घरभाडं परवडत नाही म्हणून बोटीवर राहणारे त्यात आहेत, तसे पृथ्वीप्रदक्षिणेची तयारी करणारेही आहेत. सत्तर वर्षांपूर्वी साध्या पगारदाराला हे जमलं नसतं. तेव्हा बोट लाकडाची असे आणि जुनी बोट म्हणजे बहुधा कुजत चाललेली बोट.

जोशुआ स्लोकमचंच बघा. १८९५ साली बोस्टनहून निघून १८९८ मध्ये परतलेला हा गडी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याचं 'स्प्रे' हे सुमारे ३७ फुटांचं तारू त्याला कुरणात मोडकळीला आलेल्या अवस्थेत मिळालं होतं. त्यानं ते जवळजवळ मुळापासून नव्यानं बांधलं. पण स्लोकम हाडाचा खलाशी, सुतारकामही जाणणारा. बाकीच्यांना लाकडी बोट म्हणजे सततचं काम: फळ्यांच्या सांध्यांत सूत ठासा, रंग द्या, समुद्री किडीवर नजर ठेवा. गंमत म्हणजे लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा वरून झिरपणाऱ्या पावसाचं भय जास्त.

हे गणित फायबरग्लासनं बदललं. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) यांच्या छोट्या होड्या १९४०च्या दशकातच निघाल्या होत्या. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोत फिलिप ऱ्होड्सच्या आराखड्यावरून ४१ फुटी 'बाउंटी टू' तयार झाली. पण खरी उलथापालथ झाली ती जानेवारी १९५९च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात. ऱ्होड आयलंडच्या क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी तिथे कार्ल अल्बर्गनं आखलेली २८ फुटी 'ट्रायटन' मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. पुढच्या आठेक वर्षांत अशा सुमारे सातशे बोटी निघाल्या. साच्यातून एकसारखी बोट काढता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर डझनावारी कंपन्या या धंद्यात उतरल्या.

त्या काळच्या बोटींबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: नव्या मालाची ताकद कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून तळ लाकडाइतकाच जाड ओतला. माझ्या मते हे अर्धंच खरं. जाडी होती, पण हातानं थापलेल्या थरांत रेझिनचं प्रमाणही जास्त असे, म्हणजे इंचाइंचाला ताकद आजच्यापेक्षा कमीच. तरी एवढं खरं की तळ पिढ्यान्‌पिढ्या टिकले. १९७३च्या तेलटंचाईत रेझिन महागलं आणि मग वजनाचा हिशेब काटेकोर होऊ लागला.

'बोटीवर राहणं' या स्वप्नाला चेहरा दिला तो १९७०च्या दशकातल्या 'वेस्टसेल ३२'नं. बोट ३२ फुटी, वजन सुमारे नऊ टन, चाल मंद. बऱ्याच जणांनी नुसता सांगाडा घेऊन आतलं काम घरच्या अंगणात केलं. तिचं घराणं नॉर्वेचा बोट-आराखडाकार कॉलिन आर्चर याच्यापर्यंत जातं. त्याच्या धाटणीवरून विल्यम अ‍ॅटकिन यानं 'एरिक' हा आराखडा केला आणि त्याच 'एरिक'वरून मुंबईत सागवानी 'सुहेली' बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आला तो हिच्यावर. वेस्टसेलचा चिवटपणा १९९१च्या अटलांटिक वादळात दिसला. तटरक्षकांनी 'सॅटोरी' नावाच्या वेस्टसेलवरची माणसं उतरवून घेतली; रिकामी बोट वाहत जाऊन किनाऱ्याला लागली, तीही फारसं नुकसान न होता. बोटी तरल्या, पण त्या बनवणारी कंपनी तोवर केव्हाच बंद पडली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत मंदी होती आणि बोटीच्या किमतीतल्या एक लाख डॉलरवरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर लागला होता. पिअर्सनसारखं जुनं नाव १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेलं. कर दोन वर्षांत उठला. पण त्याआधीच्या तीस वर्षांत बनलेल्या बोटी कुठे जाणार? त्या हातोहात फिरत, दर मालकाला स्वस्त होत आजच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचल्या.

स्वस्त म्हणजे बिनखर्चाच्या नव्हेत. तळ टिकतो, त्याला जोडलेलं सगळं झिजतं. तपासनीस प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन डेकवर गुडघे टेकून टकटक करत सरकतो. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की समजावं, फायबरग्लासच्या दोन थरांमधलं हलकं बाल्सा लाकूड भिजून भुगा झालंय. पाणी बहुधा एखाद्या स्क्रूच्या भोकातून गेलेलं असतं. तैवानमध्ये बांधलेल्या अनेक देखण्या सागवानी डेकना तर अशी शेकडो भोकं. डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात, त्या पट्ट्या डेकमधून आत जातात तिथेच, नजरेआड, गंजतात. वर चकचकीत, आत तडा. शिवाय अनेक जुन्या बोटींत मुळात पेट्रोल इंजिन होतं; बंद तळात साचणाऱ्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होईल या धास्तीनं बहुतेकांनी डिझेल बसवलं.

राहणं सुसह्य झालं ते मात्र नंतरच्या उपकरणांनी. वाऱ्यावर आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा ब्लॉन्डी हॅस्लरनं १९६०च्या अटलांटिक शर्यतीत चालवून दाखवली. १९९५ मध्ये जीपीएस पूर्ण क्षमतेनं सुरू झालं. मग सौर पॅनल आले. अडचण आता जागेची आहे. कायमचं राहणारे किती असावेत यावर अनेक मरीना (बोटी लावायची खासगी बंदरं) मर्यादा घालतात आणि वीस-पंचवीस वर्षांवरच्या बोटीला विमा कंपन्या तपासणी अहवालाशिवाय दारात उभं करत नाहीत.

ज्या बोटी कुणीच घेत नाही त्या खाड्यांत नांगरावर पडून राहतात. लाकडाचं तारू निदान कुजून नाहीसं तरी होई. फायबरग्लासचं तसं नाही. ते कापून, भुगा करून पुरावं किंवा जाळावं लागतं आणि त्याचा खर्च अनेकदा बोटीच्या किमतीहून जास्त असतो. फ्रान्सनं २०१९ पासून मोडीत काढायच्या बोटी फुकट तोडून देण्याची व्यवस्था केली. मालकानं बोट तोडणी केंद्रापर्यंत आणायची; पुढच्या खर्चाचा मोठा वाटा नव्या बोटींवरच्या शुल्कातून निघतो.