पूमसे म्हणजे फाइट न जमणाऱ्यांचा खेळ? अजिबात नाही

तायक्वांदो क्लासच्या बाहेर बसलेल्या पालकांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की ज्याला फाइट जमत नाही तो पूमसे (म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसताना ठरलेल्या क्रमाने दाखवायच्या बचाव-हल्ल्याच्या हालचाली) करतो, आणि त्यात पुढे काहीच नाही. हे चूक आहे, आणि यामुळे चांगली पोरं खेळ सोडतात म्हणून लिहितेय.

पूमसे ऑलिम्पिकमध्ये नाही हे खरं, तिथे फक्त फाइट, म्हणजे क्योरुगी असते. पण पूमसेची स्वतंत्र वर्ल्ड चॅम्पियनशिप 2006 पासून आहे, पहिली सोलला झाली. 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये पूमसे पहिल्यांदा आलं आणि यजमान इंडोनेशियाचं त्या गेम्समधलं पहिलंच गोल्ड डेफिया रोस्मानियारने पूमसेतच मिळवलं!

आणि आपली रूपा बायोर. मूळची अरुणाचलची, ट्रेनिंग मुंबईत, 2024 ला व्हिएतनाममध्ये एशियन पूमसे चॅम्पियनशिपला ब्राँझ घेऊन आली.

"नुसते हवेत हातपाय" म्हणणाऱ्यांनी मार्किंग बघावं. 10 पैकी 4 मार्क अचूकतेचे, 6 सादरीकरणाचे म्हणजे वेग-ताकद, लय आणि ऊर्जा यांचे, छोटी चूक झाली की 0.1 जातो, मोठी झाली की 0.3, आणि समोर प्रतिस्पर्धी नसल्यामुळे पाय जरा हलला तरी तो थेट जजेसना दिसतो. डोक्याच्या उंचीची साइड किक हळू नेऊन वर थांबवून दाखवा एकदा, मग बोलू.

करिअर लवकर संपतं म्हणता? वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 65 च्या पुढच्यांचाही गट असतो.