गट विमा, सरकारी कर्मचाऱ्यांचा : कोकणातील स्वरूप

सरकारी नोकर सेवेत असताना मरण पावला तर कुटुंबाला ठरावीक रक्कम मिळावी आणि तो निवृत्त झाला तर साठलेली बचत व्याजासह हाती यावी, यासाठी दरमहा पगारातून सक्तीची कपात करून चालवली जाणारी योजना. केंद्र सरकारने ती १ जानेवारी १९८२ पासून आणि महाराष्ट्र शासनाने १ मे १९८२ पासून लागू केली. जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९९० पासून वेगळी योजना आहे. पगारपत्रकावर ‘जीआयएस’ (ग्रुप इन्शुरन्स स्कीम) म्हणून दिसणारी कपात ती हीच.

पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या किनारपट्टीत या योजनेचे सभासद गावोगाव आहेत : तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, वनरक्षक, पोलीस शिपाई, तहसील कचेरीतले कारकून. केंद्राच्या बाजूला टपाल, सीमाशुल्क आणि जयगड-देवगडसारख्या ठिकाणच्या दीपगृहांवरचा नोकरवर्ग येतो. शिवाय मंत्रालय, पोलीस दल आणि मुंबईतल्या इतर कार्यालयांत नोकरी करणारा, पण घर राजापूर, लांजा, कणकवलीकडे असलेला चाकरमानी. वर्गणी मुंबईच्या कोषागारात कापली जाते आणि तिचा हक्कदार गावी असतो. कोकणात या योजनेच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

पार्श्वभूमी

सरकारी नोकरांच्या विम्याची भारतातली सर्वांत जुनी व्यवस्था टपाल खात्याची. १ फेब्रुवारी १८८४ रोजी टपाल जीवन विमा सुरू झाला तो फक्त त्या खात्यातल्या नोकरांसाठी. १८८८ मध्ये तार खाते त्यात आले. १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्री कर्मचाऱ्यांनाही विमा मिळू लागला. त्या काळी स्त्रियांचा विमा उतरवायला इतर कोणी पुढे येत नव्हते, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे मोल कळते. आरंभी ४,००० रुपयांची असलेली मर्यादा आज ५० लाखांपर्यंत पोचली आहे. हा विमा ऐच्छिक आहे आणि गट विम्याहून वेगळा आहे.

आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण घडवणारा माणूस कोकणातला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकमाने आयुर्विमा व्यवसाय सरकारच्या ताब्यात आला आणि देशमुखांनी आकाशवाणीवरून तो निर्णय देशाला सांगितला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, २४५ विमा संस्था त्यात विलीन झाल्या. या कायद्याच्या कलम ३७ ने पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी दिली. नोकरदार मराठी घरांत विम्याबद्दल जो विश्वास दिसतो, त्यामागे या हमीचा मोठा वाटा आहे.

गट विमा मात्र संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या स्वतंत्र कायद्यावर उभा नाही. तो शासन निर्णयाने आला आणि शासन निर्णयानेच बदलतो. खासगी आस्थापनांतल्या कामगारांची स्थिती या बाबतीत वेगळी आहे. त्यांच्यासाठी भविष्य निर्वाह निधी कायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती करून ठेवसंलग्न विमा आणला गेला. त्यात कामगाराला एक पैसाही भरावा लागत नाही, मालक वेतनाच्या अर्धा टक्का भरतो, आणि २०२१ पासून कमाल लाभ ७ लाख रुपये आहे. कायद्याने दिलेला लाभ मागता येतो. शासन निर्णयाने दिलेल्या लाभाची वाढ शासनाच्या मनात येईपर्यंत थांबते. सरकारी नोकरांच्या विम्यात सुधारणा करायची तर कायद्याच्या आधाराचा हा प्रश्न आधी धसास लावला पाहिजे.

रक्कम कशी ठरते

वर्गणीचे दोन भाग होतात. केंद्राच्या योजनेत ३० टक्के विमा निधीत आणि ७० टक्के बचत निधीत जातात. सेवेत मृत्यू आला तर वारसाला विम्याची पूर्ण रक्कम आणि तोवरची बचत, दोन्ही मिळतात. निवृत्त होणाऱ्याला बचत तेवढी मिळते. व्यवहारात विमा कंपनी नसते. कर्मचाऱ्याच्या कार्यालयाचे प्रमुख प्रकरण मंजूर करतात, देयक कोषागारात जाते आणि पैसे सरकारच्याच लोकलेख्यातून, म्हणजे इतरांचा पैसा सरकार सांभाळते त्या खात्यातून, निघतात. बचत निधी किती झाला हे वित्त विभागाच्या तक्त्यांवरून, सभासदत्वाचे वर्ष पाहून काढतात.

विम्याची रक्कम पगारावर नसून गटावर ठरते, आणि योजनेचा कच्चा दुवा तोच. केंद्राने १ जानेवारी १९९० पासून १५ रुपयांचे एकक ठरवले, एका एककाला १५,००० रुपयांचा विमा. गट क च्या नोकराची वर्गणी ३० रुपये, विमा ३०,००० रुपये. गट ब ला ६० रुपयांत ६०,०००, गट अ ला १२० रुपयांत १,२०,०००. त्यानंतर पाचवा, सहावा, सातवा वेतन आयोग आला, पगार अनेक पटींनी वाढले, आकडे तिथेच राहिले. १९९० मध्ये तीस हजारांत एका कुटुंबाचा बराच काळ निभाव लागला असता. आज ती रक्कम इस्पितळाच्या एका बिलातही संपते.

सातव्या वेतन आयोगाने हे ओळखून मोठी वाढ सुचवली होती : खालच्या पाच वेतनस्तरांना महिना १,५०० रुपयांत १५ लाख, मधल्यांना २,५०० त २५ लाख, वरच्यांना ५,००० त ५० लाख. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०१६ रोजी ही शिफारस नाकारली. कारण दिले ते असे की नकारामुळे खालच्या स्तरातल्या नोकराच्या हाती येणाऱ्या पगारातले १,४७० रुपये वाचतील. कमी वर्गणीत जास्त संरक्षण देणारी वेगळी योजना आखण्याचे काम अर्थ मंत्रालयाकडे सोपवण्यात आले. कारण खोटे नव्हते. गट क च्या पगारातून दीड हजार कापले जाणे जाचकच झाले असते. पण दीड हजार आणि तीस यांच्या मध्ये कितीतरी आकडे होते, त्यांतला एकही तेव्हा स्वीकारला गेला नाही.

महाराष्ट्राने याच वर्षी वेगळी वाट धरली. २०१६ च्या सुधारणेत मासिक वर्गणी गट अ ला ९६०, ब ला ४८०, क ला ३६० आणि ड ला २४० रुपये झाली आणि विमा वर्गणीच्या हजारपट. म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला गट ड चा शिपाई सेवेत असताना मरण पावला तर घरी २,४०,००० रुपयांचा विमा येतो आणि त्याच गावातल्या केंद्र सरकारच्या कार्यालयातल्या गट क च्या नोकराच्या घरी जुन्या दराने ३०,०००. वर्गणीही आठपट आहे, हे खरे. तरी दोन शेजाऱ्यांच्या कुटुंबांत एवढे अंतर राहावे हे कोणत्याही तत्त्वावर पटवून देता येत नाही. राज्याने १ एप्रिल २०१६ पासून समूह वैयक्तिक अपघात विमाही सुरू केला. वर्षाला ३०० रुपये आणि कर एवढ्या वर्गणीत आरंभी १० लाखांचे संरक्षण होते.

तुलनेसाठी अमेरिकेची व्यवस्था पाहण्याजोगी आहे, कारण तिथे हा सगळा विषय कायद्याने बांधलेला आहे. संघीय कर्मचारी गट आयुर्विमा कायदा १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत झाला. मूळ विमा वार्षिक पगाराएवढा : पगाराचा आकडा पुढच्या हजारात पूर्ण करायचा आणि त्यात २,००० डॉलर मिळवायचे. या मूळ विम्याच्या हप्त्याचा एक तृतीयांश सरकार भरते. १९८० च्या कायद्याने पती-पत्नी व मुलांसाठी आणि पगाराच्या पटीत जादा विम्याचे पर्याय आले. १९९८ च्या सुधारणा कायद्याने मूळ विम्यावरची कमाल मर्यादा उठवली आणि निवृत्तीनंतरही जादा विमा पूर्ण ठेवण्याची मुभा दिली. पगार वाढला की विमा आपोआप वाढतो, त्यासाठी नवा निर्णय लागत नाही. आपल्याकडे महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे. विम्याची रक्कम तशी बांधायला तांत्रिक अडचण कोणतीच नाही.

नामनिर्देशन

रक्कम वाढली तरी ती योग्य हाती पडेल याची खात्री एका कागदावर असते. रुजू होताना भरलेले नामनिर्देशनपत्र सेवापुस्तकाला जोडलेले राहते. लग्नाआधी नोकरीला लागलेला मुलगा बहुधा आईचे नाव लिहितो. कुटुंब झाल्यावर केंद्राच्या नियमांनुसार ते नामनिर्देशन रद्द ठरते आणि नवे द्यावे लागते. पुष्कळजण ते देत नाहीत. वैध नामनिर्देशन नसेल तर केंद्राच्या योजनेत भविष्य निर्वाह निधीच्या धर्तीवर कुटुंबातल्या पात्र व्यक्तींत समान वाटप होते. सासू आणि सून यांच्यातला जो तंटा एका सहीने टळला असता तो मग कोर्टात जातो.

नाव लिहिलेला माणूस मालक होतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आला. सरबती देवी खटल्यात १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले की विम्यातला नामनिर्देशित फक्त रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा. २०१५ मध्ये विमा कायद्याचे कलम ३९ बदलले आणि आईवडील, पती-पत्नी, मुले यांपैकी कोणी नामनिर्देशित असेल तर तो लाभाचा धनी ठरतो असे झाले. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत मात्र डिसेंबर २०२३ च्या निकालाने जुनेच तत्त्व कायम ठेवले. तो खटला ‘कालनिर्णय’चे संस्थापक, मूळ मालवणचे जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेसंबंधीचा होता. अमेरिकेत २०१३ च्या हिलमन विरुद्ध मरेटा खटल्यात तर घटस्फोटित पत्नीचे नाव कागदावर राहून गेले आणि गट विम्याची रक्कम दुसऱ्या पत्नीला न मिळता तिलाच मिळाली.

कोकणात आणखी एक गुंता असतो. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल बऱ्याच घरांत होती. मुंबईच्या रेशनकार्डावर एक नाव, गावच्या सातबारावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. आडनावाऐवजी गावाचे नाव लावणाऱ्यांची गत तीच. विधवेला आपण तीच बाई आहोत हे सिद्ध करण्यात महिने जातात. शेवटी वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज होतो, आणि महाराष्ट्रात तो दाखला आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिला जातो. नामनिर्देशनपत्रात स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहायला लावली, तरी यातला बराच त्रास वाचेल.

बेपत्ता कर्मचारी

समुद्र, खाड्या आणि दरडी यांच्या मुलखात बेपत्ता कर्मचाऱ्याविषयीचा नियम किरकोळ नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी बस पुरात वाहून गेल्या; काही प्रवाशांचे मृतदेह खाडीच्या मुखापर्यंत वाहत गेले. देह न सापडलेला माणूस सरकारी नोकर असेल तर केंद्राच्या योजनेत बचत निधी एक वर्षानंतर देता येतो, पण विम्याची रक्कम मृत्यूचा पुरावा किंवा सात वर्षांचा काळ मागते. सात वर्षे कोणाच्या ऐकण्यात नसलेला माणूस मृत मानण्याचे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यातले असून २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. एवढ्या काळात पहिलीत असलेले मूल आठवीत जाते. नैसर्गिक आपत्तीत वाहून गेलेल्यांसाठी हा काळ कमी करणारी तरतूद गट विम्याच्या नियमांतच असायला हवी.

योजनेबाहेरचे

गट विमा नियमित आस्थापनेवरच्या नोकरांपुरता आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली कंत्राटी परिचारिका किंवा पंचायत समितीतला संगणक चालक तेच काम करूनही त्यात येत नाही. एसटीचे चालक-वाहक महामंडळाचे कर्मचारी असल्याने त्यांनाही ही योजना लागू नाही. खेड्यातली शाखा टपाल कार्यालये चालवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकांचा गट विमा स्वतंत्र आहे. तो ५०,००० वरून ५ लाखांवर नेण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली. बाकीच्यांना उरते ती २०१५ ची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : १८ ते ५० वर्षे वयात बँक किंवा टपाल खात्यातून नाव नोंदवता येते, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा मिळतो आणि हप्ता दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून वळता होतो, त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर विमा खंडित होतो.