इंदुरात मंडळाचं सभागृह बांधताना: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

इंदुरातल्या आपल्या बऱ्याच मराठी संस्थांची सभागृहं आता थकली आहेत. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, मुंज, साखरपुडा, सगळं त्याच पत्र्याखाली होतं आणि मे महिन्यात कूलर लावूनही माणसं अंगणात येऊन बसतात. मग कधीतरी नव्या वास्तूचा ठराव होतो आणि ‘पाण्याचं, सोलरचं नंतर बघू’ म्हणत नकाशा पुढे सरकतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की नंतर बघू नका. नगर निगमाची बांधकाम परवानगी मिळते ती नकाशाला. नकाशात नसलेलं काही पुढे घालायचं म्हटलं की सुधारित नकाशा आणि पुन्हा तीच वाट पाहणी.

अर्ज कोणाला करता येतो

जमीन ज्याच्या नावावर असेल त्यालाच. संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून १९५१ च्या अधिनियमाखाली नोंदलेली असावी आणि रजिस्ट्री (जमिनीचं नोंदणीकृत खत) तिच्याच नावाची असावी. आमच्या मंडळाचा घोडा इथेच अडला. जागा दान मिळालेली, पण नामांतरण, म्हणजे सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलणं, कुणी केलंच नव्हतं. कागदावर अजून दिवंगत दात्याचंच नाव होतं. वारसांच्या सह्या गोळा करण्यात एक अख्खा पावसाळा गेला. म्हणून वास्तुविशारदाकडे जाण्याआधी खसरा (जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि मालमत्ता कराची पावती काढून नाव तपासा.

दुसरी अट जमिनीच्या वापराची. निवासी भूखंडावर मंगल कार्यालय चालत नाही. विकास योजनेत आणि नगर तथा ग्राम निवेश विभागानं मंजूर केलेल्या अभिन्यासात (भूखंडांच्या लेआउटमध्ये) त्या जागेचा वापर काय दाखवला आहे, ते पाहा. शेतजमीन असेल तर डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती वापराची नोंद, हवं. जागा इंदूर विकास प्राधिकरणाच्या लीजवर असेल तर लीज चालू असल्याचा कागद जोडा. बँकेचं कर्ज काढण्यासाठी न्यासाची जमीन गहाण ठेवायची असेल, तर १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १४ नुसार लोक न्यास पंजीयकांची (सार्वजनिक न्यासांच्या निबंधकांची) परवानगी आधीच घ्यावी लागते. हे बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतं.

कागदपत्रं

रजिस्ट्री किंवा लीज डीड, नामांतरणाचा आदेश, खसरा, चालू मालमत्ता कराची पावती, अभिन्यासाची प्रत, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीची यादी, बांधकामाचा ठराव आणि सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं अधिकारपत्र. आपली इतिवृत्तं मराठीत असतात आणि निगमाचं कामकाज हिंदीत चालतं. म्हणून ठरावाची हिंदी प्रत अध्यक्ष-सचिवांच्या सहीशिक्क्यासह सोबत ठेवाच. नकाशे वास्तुविशारदाचे आणि संरचनेचं प्रमाणपत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. अर्ज वास्तुविशारदामार्फत ऑनलाइन जातो. संगणक प्रणाली नकाशा मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ शी ताडून पाहते आणि मग जागेची पाहणी होते.

नकाशात सुरुवातीपासून काय हवं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. माळव्यात मे महिन्याची दुपार चाळिशी ओलांडते, पण रात्री गार असतात. ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत. उंच छत, वरच्या बाजूला झरोके, लांब भिंती उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला आणि पश्चिमेला ओसरी किंवा जिना ठेवला, तर रात्रीची हवा आत खेळते आणि भिंती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थंड राहतात. १९०४ साली बांधलेल्या गांधी हॉलमध्ये कधी उन्हाळ्यात उभं राहून पाहा, उंची काय काम करते ते कळतं. याला वेगळी परवानगी लागत नाही. फक्त पहिल्या रेघेपासून विचार लागतो.

१४० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहे. परवानगीच्या वेळी त्यासाठी अनामत भरावी लागते आणि काम झाल्यावर ती परत मागता येते. ही केवळ अट म्हणून उरकू नका. इंदुरात वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ४०० चौरस मीटर छतावरून, वीस टक्के वाया गेला तरी, पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी मिळतं. आपल्या नळाला येणारी नर्मदा सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं वर चढवलेली असते. त्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायलाच निगमानं २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले. आपल्या अंगणात जिरवलेलं पाणी म्हणजे तेवढा पंपाचा भार कमी. एक व्यावहारिक गोष्ट: इथली काळी माती पाणी पिते आणि फुगते, खाली जाऊ देत नाही. शोषखड्डा तिच्याखालच्या मुरुमापर्यंत न्यायला हवा आणि सेप्टिक टँकपासून लांब ठेवायला हवा.

सोलरसाठी १ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर सावलीविना छत लागतं आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पाण्याची टाकी त्या छताच्या दक्षिणेला काढू नका. नेट मीटरिंगचा (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याचा) अर्ज पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे करायचा. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही. मात्र छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांना आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींना आहे. मंडळाच्या सभागृहाला ते मिळेल असं धरून अंदाजपत्रक करू नका. पूर्ण वातानुकूलित मोठं सभागृह असेल आणि जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून वीजभार) १०० किलोवॉटवर जात असेल, तर ऊर्जा संवर्धन इमारत संहिता तपासा.

आणखी दोन-तीन मंजुऱ्या

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सभागृहांना ‘डी’ गटात, म्हणजे माणसं जमतात अशा इमारतींत धरते. बाहेर पडण्याच्या वाटा आणि अग्निशमनाचा आराखडा त्यानुसार आखा. हवेसाठी ठेवलेली रुंद दारं इथेही उपयोगी पडतात. १:१२ उताराचा रॅम्प हवाच. आपल्या सभागृहात येणाऱ्यांत आजी-आजोबाच जास्त असतात. लग्नकार्यांना भाड्यानं देणार असाल तर निगमात विवाहस्थळ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

ग्रीन रेटिंग ऐच्छिक आहे. ‘गृह’ मानांकन २५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांसाठी आहे. आपल्यासारख्या लहान वास्तूंसाठी त्याचंच ‘स्वगृह’ आहे. नोंदणी आराखड्याच्या टप्प्यावरच करा आणि विटा, काच, दिवे, नळ यांची बिलं पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावा. मूल्यमापनात तीच मागतात. बांधकाम संपल्यावर पूर्णता प्रमाणपत्राचा अर्ज करताना शोषखड्ड्याचे खोदताना, भरताना आणि पूर्ण झाल्यावरचे फोटो जोडा. अनामत परत मागतानाही तेच कामी येतात.