मुख्याध्यापक नेतृत्व प्रशिक्षण (नाशिक जिल्हा)

शाळेचा पदभार नव्याने घेतलेल्या शिक्षकाला कारभार सांभाळण्यासाठी आणि शाळेतले अध्यापन सुधारण्यासाठी तयार करणारे सेवांतर्गत प्रशिक्षण. यांतला दुसरा हेतू अधिक मोलाचा, आणि तोच सर्वांत आधी मागे पडतो.

महाराष्ट्रात मुख्याध्यापकपद बहुधा ज्येष्ठतेने मिळते. खाजगी शाळांत १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम व १९८१ ची नियमावली लागू आहे. अर्हता व अनुभव असला आणि ज्येष्ठतायादीत क्रम आला की पद येते. कालपर्यंत गणिताचे तास घेणाऱ्या बाई आज चार्ज घेतात : जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची प्रवेशनोंद), कॅशबुक, जडसंग्रह नोंदवही (बाके, कपाटे अशा टिकाऊ वस्तूंची यादी), सेवापुस्तके, कपाटांच्या किल्ल्या. पाठोपाठ यू-डायसची म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहिती-प्रणालीची माहिती, संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी), शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीवरची वेतनबिले, पोषण आहाराचा हिशेब. सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ कसा पाहावा आणि नंतर त्याच्याशी काय बोलावे, हे चार्जच्या यादीत कुठेच नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र सुरू झाले. त्याने २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात सात क्षेत्रे आहेत : शालेय नेतृत्वाची दृष्टी, स्वविकास, अध्ययन-अध्यापनातील बदल, संघबांधणी, नवोपक्रम, पालक व समाजाशी भागीदारी आणि शालेय प्रशासन. प्रशासन हे सातांपैकी एकच आहे, हे नव्या मुख्याध्यापकाने आवर्जून लक्षात ठेवावे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमात शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांनाही सामावून घेतले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्याध्यापकांकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे.

राज्यात पुण्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) हे काम पाहतात. नाशिकला आणखी एक सोय आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे आहे. नोकरी सांभाळून करता येणारी त्याची शालेय व्यवस्थापन पदविका शिक्षकांच्या परिचयाची आहे. ती पद मिळण्याआधीच करता येते, हा तिचा मोठा फायदा.

नाशिकमध्ये एकाच साच्याचे प्रशिक्षण पुरत नाही. जिल्ह्यात १५ तालुके आहेत. शहरात मराठा विद्या प्रसारक समाज (१९१४), गोखले एज्युकेशन सोसायटी (१९१८) अशा जुन्या संस्थांच्या मोठ्या माध्यमिक शाळा आहेत. तिथे मुख्याध्यापकाला पर्यवेक्षक, लिपिक आणि व्यवस्थापन यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, बागलाणात मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. सुरगाणा व पेठ तालुक्यांच्या पाड्यांवर द्विशिक्षकी शाळा आढळतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्राथमिक शाळेसाठी स्वतंत्र मुख्याध्यापक १५० हून अधिक पटालाच (विद्यार्थिसंख्येलाच) आहे. त्यामुळे पाड्यावरच्या शाळेत दोघांपैकी एक जण प्रभारी असतो आणि वर्ग सांभाळत कागदपत्रेही करतो. प्रशिक्षणाच्या यादीत नाव सर्वांत आधी अशा प्रभारीचे असायला हवे. द्राक्षहंगामात पालक मजुरीसाठी दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा मुलांना मागे ठेवण्याची सोय पालकांशी बोलून त्यालाच करावी लागते. आराखड्यातले ‘समाजाशी भागीदारी’ हे क्षेत्र पाड्यावर या रूपात समोर येते.

आदिवासी मुलांसाठीच्या आश्रमशाळांचा प्रश्न याहून कठीण आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. या शाळांत मुले निवासी असतात, त्यामुळे मुख्याध्यापकाचा दिवस शाळा सुटल्यावर संपत नाही. जेवण, आजारपण, मुलींची सुरक्षितता आणि रात्रीची हजेरी यांवर त्याला अधीक्षकांबरोबर लक्ष ठेवावे लागते.

पद्धतींपैकी व्याख्यानांचा उपयोग सर्वांत कमी. अनुभवी मुख्याध्यापकाच्या शाळेत काही दिवस राहून त्याचा परिपाठ, पालकसभा आणि पाठ निरीक्षण पाहिले, तर नवा माणूस लवकर शिकतो. निरीक्षणाची नोंद लॉगबुकात होते. ‘फलकलेखन सुधारावे’ असा शेरा लिहिणे सोपे असते. ‘तिसऱ्या रांगेतल्या चार मुलांना हातच्याची वजाबाकी समजली नव्हती, उद्या काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा घेऊ’ अशी नोंद करण्यासाठी मुख्याध्यापकाला पूर्ण तासभर वर्गात बसावे लागते. प्रशिक्षणातला सर्वांत जास्त वेळ अशी नोंद लिहिण्याच्या सरावाला द्यायला हवा.